हलकं फ्लायव्हील आणि क्लच : स्पोर्ट्स कारसाठी निवड कशी करावी?

निळा_रोडस्टर

गाडीची माहिती आधी देतो. इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, २.० लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर, रेडलाइन ७२०० आरपीएम, वजन साधारण ११०० किलो. क्लच प्लेट संपत आली आहे, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरणारच. मग त्याच मजुरीत फ्लायव्हीलही (इंजिनच्या मागच्या टोकाला बसणारी, त्याच्याबरोबर फिरणारी जड चकती) बदलावं असा विचार आहे.

कंपनीचं फ्लायव्हील बिडाचं, एकसंध, ८ किलोचं. पर्याय दोन दिसतात: ५ किलोचं स्टीलचं आणि साडेतीन किलोचं अ‍ॅल्युमिनियमचं. क्लचमध्ये एक स्प्रिंगवाली ऑर्गॅनिक प्लेट आणि दुसरी सहा पक्सची (घर्षणाच्या सुट्या तुकड्यांची) सिरॅमिक, स्प्रिंग नसलेली. गाडी रोज रस्त्यावर चालते, अधूनमधून ट्रॅकवर जाते. पुढे कॅमशाफ्ट आणि ट्यूनिंग करून टॉर्क २३० पर्यंत न्यायचा बेत आहे.

किती हलकं घ्यावं, आणि सोबत क्लच कोणता?

---

जडत्व

खोक्यावर लिहिलेल्या किलोंवरून फ्लायव्हील निवडू नका. इंजिनला वजन जाणवत नाही, जडत्व (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) जाणवतं, आणि जडत्वात त्रिज्येचा वर्ग येतो. काठाजवळ, १४० मिमी त्रिज्येवरचं ५०० ग्रॅम लोखंड काढलं तर जडत्व सुमारे ०.००९८ किलो-मी² नी उतरतं. तेच ५०० ग्रॅम ६० मिमीवरून काढलं तर फक्त ०.००१८. पाचपटीहून जास्त फरक. मधल्या भागात मोठमोठी भोकं पाडून वजन कमी केलेलं फ्लायव्हील काट्यावर हलकं दिसतं, गाडीत मात्र फरक कळत नाही. काठ बारीक केलेलं, दिसायला साधं फ्लायव्हील खरं काम करतं. विकणाऱ्याकडे जडत्वाचा आकडा मागा. त्याच्याकडे नसेल तर निदान काठाचा छेद दाखवणारा फोटो मागा.

आता याचा गाडीवर परिणाम किती, ते बघू. ३०० मिमी व्यासाची, ८ किलोची सरळ चकती धरली तर जडत्व ०.०९ येतं. ते निम्मं केलं, म्हणजे ०.०४५ वाचलं. गाडी ज्या वजनाने हलकी झाल्यासारखी वाटेल ते वजन असं काढतात: वाचलेलं जडत्व गुणिले एकूण गिअर गुणोत्तराचा वर्ग, भागिले टायरच्या त्रिज्येचा वर्ग. पहिला गिअर ३.३, फायनल ड्राइव्ह ४.१, टायरची त्रिज्या ०.३० मीटर धरा. एकूण गुणोत्तर १३.५३, त्याचा वर्ग १८३. उत्तर येतं सुमारे ९१ किलो. दुसऱ्या गिअरमध्ये (१.९) ३० किलो, तिसऱ्यात (१.४) १६ किलो, चौथ्यात (१.०) जेमतेम ८ किलो.

म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावळणाच्या घाटात, डाउनशिफ्टला रेव्ह (इंजिनचे फेरे) जुळवताना फरक लख्ख कळतो. सरळ मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये काही मिळत नाही. इंजिनची ताकद एक न्यूटन-मीटरनेही वाढत नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या. डायनोवर (इंजिनची ताकद मापणाऱ्या यंत्रावर) हलक्या फ्लायव्हीलनंतर आकडा थोडा वाढलेला दिसतो. ज्या डायनोवर गाडी वेग घेत असताना माप घेतात, तिथे फिरवायला लागणारं जडत्व कमी झाल्यामुळे तो दिसतो. रेव्ह स्थिर धरून मापलं तर फरक जातो.

---

निळा_रोडस्टर

आकडे मांडल्यामुळे बरंच स्पष्ट झालं, आभार. पण इंजिनबरोबर फक्त फ्लायव्हील फिरत नाही ना? प्रेशर प्लेटही (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) फिरते. ती याच हिशोबात धरायची का?

---

जडत्व

हो, धरायलाच हवी, आणि इथेच बरेच लोक फसतात. प्रेशर प्लेट आणि तिचं कव्हर मिळून फ्लायव्हीलच्या निम्म्याहून जास्त वजनाचे असू शकतात, आणि ते वजन बऱ्यापैकी बाहेरच्या बाजूला असतं. फ्लायव्हील निम्मं केलं म्हणून एकूण जडत्व निम्मं होत नाही. शिवाय क्रँकशाफ्टचं स्वतःचं जडत्व आहेच. जास्त दाबाची जाडजूड प्रेशर प्लेट घेतली तर फ्लायव्हीलमधून वाचवलेलं त्यातच परत भरलं जातं.

क्लच प्लेटचा हिशोब मात्र वेगळा. पेडल दाबल्यावर ती इंजिनपासून सुटते आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टबरोबर फिरत राहते. गिअर टाकताना सिंक्रोनायझर (गिअरचे वेग जुळवणाऱ्या) रिंगला हीच प्लेट थांबवावी किंवा पळवावी लागते. प्लेट जड असेल तर वरच्या रेव्हला दुसरा-तिसरा गिअर करकरतो आणि सिंक्रो लवकर झिजतात. तेव्हा बाकी गुण सारखे असतील तर प्लेट जितकी हलकी तितकी चांगली.

जडत्व घरी मोजता येतं. फ्लायव्हील तीन सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी आडवं टांगा, दोऱ्या एकाच वर्तुळावर समान अंतरावर बांधा, थोडं पिळून सोडा आणि झोके मोजा. जडत्व = वस्तुमान × ९.८१ × (दोऱ्यांच्या वर्तुळाची त्रिज्या)² × (एका झोक्याचा वेळ)² ÷ (३९.५ × दोरीची लांबी). ८ किलो, त्रिज्या ०.१२ मीटर, दोरी दीड मीटर आणि जडत्व ०.०९ असेल तर एक झोका २.१७ सेकंदांचा, म्हणजे वीस झोके सुमारे ४३ सेकंदांत. पीळ १० अंशांच्या आत ठेवा आणि फ्लायव्हील बाजूला हेलकावे खाणार नाही याची काळजी घ्या.

---

दंतचक्र

फ्लायव्हीलची चर्चा चांगली चालली आहे, पण क्रम उलटा आहे. आधी क्लच ठरवा. फ्लायव्हील चुकलं तर गाडी चालवायला कटकटीची होते, क्लच चुकला तर गाडी चालतच नाही.

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाच्या बाजूंची संख्या आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. चारही गुणायच्या. प्लेट बाहेरून २१५ मिमी, आतून १४५ मिमी असेल तर सरासरी त्रिज्या ९० मिमी. एका प्लेटला बाजू दोन. ऑर्गॅनिकचा घर्षणांक ०.३ आणि दाब ४७०० न्यूटन धरला तर ०.३ × ४७०० × २ × ०.०९ = २५४ न्यूटन-मीटर. २०० च्या इंजिनला हे २५ टक्क्यांहून थोडं जास्त राखून आहे, आणि कंपन्या साधारण एवढंच राखतात.

मग ट्रॅकवर हाच क्लच का घसरतो? कारण प्लेट तापली की ऑर्गॅनिकचा घर्षणांक पडतो. तो ०.२ वर आला तर तोच क्लच १६९ न्यूटन-मीटरला सुटतो. म्हणजे थंड असताना भरपूर वाटणारा क्लच तापल्यावर स्टॉक इंजिनलाही पुरत नाही.

तुमच्या २३० न्यूटन-मीटरसाठी ३०० क्षमता धरा. ऑर्गॅनिक प्लेट ठेवून ते मिळवायचं तर दाब ५५५० न्यूटन लागेल, म्हणजे स्टॉकपेक्षा १८ टक्के जास्त. पेडल साधारण त्याच प्रमाणात जड होईल, ते पायाला सहज चालतं. सिरॅमिकची गरजच नाही.

सिरॅमिक पक्सचा घर्षणांक ०.४ च्या आसपास असतो आणि उष्णता तो खूप जास्त सोसतो. पण हाफ क्लचमध्ये तो पकडतो तरी किंवा सोडतो तरी, मधलं फारसं काही नसतं. ऑर्गॅनिक प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मध्ये नागमोडी पातळ स्प्रिंगचे पत्रे असतात. पेडल सोडताना ते हळूहळू दबतात म्हणून गाडी मऊ निघते. बहुतेक पक प्लेटमध्ये हे पत्रे नसतात. त्यात मधल्या हबलाही स्प्रिंग नसेल तर इंजिनचा प्रत्येक धक्का सरळ गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलला बसतो. ट्रॅफिकमध्ये रोज अशी गाडी चालवणं म्हणजे गिअरबॉक्सवर अन्याय. शिवाय पक फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खातात.

---

तिरपा_पाना

दंतचक्र यांच्याशी पूर्ण सहमत. केव्हलारबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून लिहून ठेवतो. केव्हलार टिकतं खूप, पकडही मऊ. पण ते नीट बसायला बराच वेळ लागतो, आणि बसण्याआधी किंवा नंतरही एकदा जास्त तापलं की वर काचेसारखा थर चढतो. मग पकड जाते ती परत येत नाही. ऑर्गॅनिक थोडी तापली तर थंड झाल्यावर बहुतेक वेळा सावरते. ट्रॅकवर जाणाऱ्याने केव्हलारच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

१८४ मिमीच्या छोट्या दुहेरी प्लेटचे रेसिंग क्लच या चर्चेत कोणीतरी आणेलच. त्यात घर्षणाच्या बाजू चार, त्यामुळे लहान व्यासातही टॉर्क पेलतो. व्यास लहान म्हणून जडत्व फारच कमी, कारण सारख्या जाडीच्या चकतीचं जडत्व त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतं. पण उष्णता साठवायला त्यात धातूच नसतो. चढावर दोन-तीनदा हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट वाकते. ते शर्यतीचंच सामान आहे.

---

अक्षरेषा

साडेतीन किलोच्या अ‍ॅल्युमिनियमबद्दल. पूर्ण फ्लायव्हील अ‍ॅल्युमिनियमचं नसतं. क्लच प्लेट जिथे घासते तिथे स्टीलची चकती बोल्ट किंवा रिव्हेटने बसवलेली असते, आणि बाहेर स्टीलचा रिंग गिअर तापवून चढवलेला असतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. वारंवार तापून-गार होऊन घर्षणाची चकती किंचित वाकते, तिचे रिव्हेट सैल होतात. चांगल्या बनावटीत ही चकती बदलता येते, आणि तो त्याचा मोठा फायदा. पण प्रेशर प्लेटचे बोल्ट ज्या भोकांत जातात तिथे स्टीलचे आटे घातलेले आहेत का, हे घेण्याआधी बघा. नुसत्या अ‍ॅल्युमिनियममध्ये कापलेले आटे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोल्ट आवळताना निघून येतात.

रोजच्या गाडीसाठी मी एका गठ्ठ्यातून कोरलेलं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) स्टील निवडेन. त्यात वेगळी चकती नाही, त्यामुळे सैल व्हायला काही नाही. गरज पडली तर लेथवर पृष्ठभाग पुन्हा घेता येतो.

स्टॉकचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकं करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ३०० मिमी व्यासाचा काठ ८००० आरपीएमला सेकंदाला १२५ मीटरने फिरतो, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर. बीड ताण सहन करण्यात कमकुवत, त्यातून क्लचच्या उष्णतेने पृष्ठभागावर बारीक भेगा पडलेल्या असतात. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे बेलहाऊसिंग (क्लचवरचं आवरण) फाडून थेट पायांच्या जागेत येतात. ड्रॅग रेसिंगमध्ये एसएफआय (शर्यतीच्या सामानाची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) १.१ मानकाचं फ्लायव्हील आणि वर संरक्षक बेलहाऊसिंग मागतात ते याच कारणासाठी. तुम्ही जे घ्याल त्यावर हे मानक असेल तर उत्तम.

---

फिरती_रिंग

अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने एक मुद्दा मांडायला हवा. उष्णता ते भरभर वाहून नेतं आणि किलोमागे लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता घेतं. म्हणजे वजन निम्मं असलं तरी एकूण साठवण तितकी निम्मी होत नाही. निव्वळ ट्रॅकच्या हलक्या गाडीत मी अ‍ॅल्युमिनियमच लावेन.

---

अक्षरेषा

मुद्दा बरोबर आहे, पण उष्णता आधी त्या पातळ स्टीलच्या चकतीत शिरते. ती आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना नीट चिकटून असतील तरच पुढे जाते. चकती थोडी वाकली की मध्ये फट पडते आणि वहनाचा फायदा तिथेच संपतो. ट्रॅकवर गाडी सुटते एकदा आणि मग क्लच फारसा घसरत नाही, म्हणून तिथे चालतं. रस्त्यावर दिवसभर हाफ क्लच, तिथे स्टील.

---

सहा_सिलिंडर

माझ्या गाडीत दुहेरी वस्तुमानाचं फ्लायव्हील आहे, ज्यात दोन भागांमध्ये कमानीसारख्या स्प्रिंगा असतात. ते काढून एकसंध हलकं बसवायचं आहे. आतापर्यंतचं सगळं मला लागू आहे का? आणि खडखडीबद्दल जे ऐकतो ते कितपत खरं?

---

दंतचक्र

सगळं लागू आहे, वर आणखी काही.

दुहेरी फ्लायव्हीलमधल्या स्प्रिंगा इंजिनचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. त्यामुळे अशा गाड्यांच्या क्लच प्लेटचा हब बहुतेक सरळ घट्ट असतो. फक्त फ्लायव्हील बदललं आणि जुन्याच प्रकारची प्लेट ठेवली तर धक्के शोषायला काहीच उरत नाही. एकसंध फ्लायव्हीलला स्प्रिंगवाल्या हबची प्लेटच हवी. तरीही न्यूट्रलमध्ये आयडलला खडखड ऐकू येणारच. ती असते मोकळ्या फिरणाऱ्या गिअरच्या दात्यांमधल्या फटीची: प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँक किंचित पुढे-मागे होतो आणि दाते एकमेकांवर आपटतात. पेडल दाबलं की आवाज बंद होतो. गिअरबॉक्सला सहसा इजा होत नाही, पण आवाज कायमचा राहतो. सहा सिलिंडरला ज्वलनाचे धक्के जास्त वेळा आणि लहान येतात, म्हणून तुम्हाला चार सिलिंडरवाल्यांपेक्षा कमी त्रास होईल. आवाज दाबायला जाड गिअर ऑइल घालू नका, थंड गाडीत गिअर पडणं अवघड होतं.

दुसरं, जाडी. दुहेरी फ्लायव्हील जाड असतं. नव्या फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेटची एकत्र उंची जुन्याइतकी नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटच्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांपर्यंत चुकीच्या जागी पोचतं. एक तर क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा बेअरिंग कायम दाबलेलं राहून क्लच घसरतो. म्हणून फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि बोल्ट एकाच संचातून घ्या. क्रँकचे बोल्टही वेगळ्या लांबीचे लागतात. जुने लांब बोल्ट तळाला टेकले की टॉर्क रेंच वाजतो, पण फ्लायव्हील दाबलं गेलेलंच नसतं.

कारखान्यानेही हे केलेलं आहे. ९६४ पिढीच्या पोर्शे ९११ आरएसला हलकं एकसंध फ्लायव्हील होतं, आणि २०१६ च्या ९११ आरला ते पर्याय म्हणून मिळत होतं. ९६४ च्या साध्या गाडीत तेच फ्लायव्हील लावलं की रेव्ह पडताना इंजिन बंद पडण्याची तक्रार जगभर होती, आणि तिला आयडलचं सॉफ्टवेअर बदलावं लागायचं. आयडल नियंत्रण हा हलक्या फ्लायव्हीलचा अर्धा भाग आहे असं समजा.

---

क्रँक_सेन्सर

आयडलचा विषय निघालाच आहे तर इलेक्ट्रॉनिक्सचं सांगतो.

काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दाते वाचतो, बहुतेक ६० मधले दोन गाळलेले. नव्या फ्लायव्हीलवर ते दाते नसतील किंवा गाळलेल्या दात्यांची जागा डॉवेल पिनच्या (फ्लायव्हीलची जागा ठरवणाऱ्या खुंटीच्या) तुलनेत सरकलेली असेल तर गाडी सुरूच होणार नाही, किंवा चुकीच्या टायमिंगवर चालेल. जुनं आणि नवं शेजारी ठेवून, डॉवेलपासून मोजून बघा. गिअरबॉक्स परत चढवल्यावर हे कळलं तर सगळं काम पुन्हा.

मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन न होणं) ओळखायला ईसीयू (इंजिनचा संगणक) क्रँकचा वेग क्षणाक्षणाला कसा बदलतो ते बघतो. जडत्व कमी झालं की हे चढउतार मोठे होतात, आणि काही गाड्यांत सगळे सिलिंडर नीट चालत असतानाही मिसफायरचे पी०३०० घराण्यातले कोड येतात. प्लग-कॉइल बदलत बसण्याआधी हे लक्षात ठेवा. उपाय म्हणजे ट्यूनरकडून मर्यादा बदलून घेणं.

आयडल १०० ते १५० आरपीएमने वर घ्या. एसी सुरू होण्याच्या क्षणी आणि वरच्या रेव्हवरून क्लच दाबून एकदम थांबताना काय होतं ते लॉग करून बघा. आणखी एक: आधुनिक गाड्यांत पेडल सोडलं तरी थ्रॉटल मुद्दाम हळू बंद होतो, त्यामुळे रेव्ह लटकून राहतात. हलक्या फ्लायव्हीलने ते थोडं सुधारतं, जात नाही. तो सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.

---

अक्षरेषा

क्रँकच्या दुसऱ्या टोकाकडेही लक्ष द्या. पुढच्या पुलीत रबर असलेला डॅम्पर असतो, तो क्रँकशाफ्टचे पिळाचे कंप शोषतो. फ्लायव्हील हलकं केलं की या कंपांची वारंवारता आणि त्यांचा स्थिर बिंदू सरकतो. त्याच वेळी हौसेने डॅम्पर काढून अ‍ॅल्युमिनियमची घट्ट पुली लावली तर क्रँकला कोणीच वाली नाही. ऑइल पंप थेट क्रँकवर असलेल्या इंजिनांत पंपाचे गिअर फुटू शकतात. दोन्हीपैकी एकच करायचं असेल तर फ्लायव्हील करा, डॅम्परला हात लावू नका. आणि डॅम्परच्या रबराला भेगा असतील तर आधी तो नवा घ्या.

बॅलन्सिंग तितकंच महत्त्वाचं. १३० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅमची तूट असेल तर ७००० आरपीएमला सुमारे ७०० न्यूटन बल येतं, म्हणजे ७० किलो वजन क्रँकच्या टोकाला गरगरा फिरतंय. फ्लायव्हील आधी एकटं बॅलन्स करा, मग प्रेशर प्लेट लावून, आणि दोघांवर खूण करा म्हणजे चढवताना तीच जागा मिळेल. तुमच्या इंजिनाचं फ्लायव्हील मुद्दाम असंतुलित असतं का, हे आधी तपासा. काही मोठ्या व्ही-८ मध्ये तसं असतं. माझ्दाच्या रोटरी इंजिनात स्टॉक फ्लायव्हीलमध्येच प्रतिभार घडवलेला असतो, म्हणून हलकं लावताना ऑटोमॅटिक गाडीचा वेगळा प्रतिभार घ्यावा लागतो.

---

निळा_रोडस्टर

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. ठरवलं: ५ किलोचं क्रोमोली, स्प्रिंगवाली ऑर्गॅनिक प्लेट, दाब ५५०० च्या आसपासची प्रेशर प्लेट. आता बसवताना काय काय चुकतं ते सांगाल का?

---

तिरपा_पाना

निवड चांगली आहे. आता जोडणी.

गिअरबॉक्स उतरला की सोबत क्रँकचं मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं), रिलीज बेअरिंग बदला. बेलहाऊसिंगच्या आत बसणारा (रिलीज बेअरिंग ढकलणारा हायड्रॉलिक) स्लेव्ह सिलिंडर असेल तर तोही. सीलमधून तेलाचे दोन थेंब आले तरी नव्या प्लेटची वाट लागते.

क्रँकच्या फ्लँजवरचा गंज, जुना सीलंट, सगळं खरवडून ब्रेक क्लीनरने पुसा. इथे हयगय नको. ८० मिमीच्या फ्लँजखाली एका कडेला ०.०५ मिमीचा कण राहिला तर २२० मिमीच्या घर्षण पृष्ठभागावर तो जवळपास ०.१४ मिमीचा डोल (फिरताना पृष्ठभागाचं पुढे-मागे हलणं) देतो, आणि सर्वसाधारण मर्यादा ०.१ मिमी आहे. नव्या फ्लायव्हीलवरचं गंजरोधक तेलही क्लीनरने पूर्ण काढा, आणि नंतर पृष्ठभागाला बोटं लावू नका.

क्रँकचे बोल्ट नवेच घ्या. बरेचसे एकदा ताणले जाणारे असतात. भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल बोल्टमधून झिरपून क्लचवर येतं आणि दोष नव्या ऑइल सीलवर जातो. बोल्ट समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा. आकडा तुमच्याच इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या. मग डायल गेज पृष्ठभागाच्या बाहेरच्या कडेला टेकवा, क्रँक एका बाजूला दाबून धरा म्हणजे त्याची पुढे-मागे हालचाल मोजमापात येणार नाही, आणि हळू एक फेरा द्या. ०.१ च्या वर गेलं तर उघडा आणि परत पुसा.

प्लेट कोणत्या बाजूने बसते ते वाचून घ्या. स्प्रिंगांचा फुगवटा बहुतेक गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसली तर हब क्रँकच्या बोल्टना घासतो किंवा क्लच सुटत नाही. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, प्लेट पुढे-मागे सरकवा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. जास्त राहिलं तर ते फिरताना उडून अस्तरावर बसतं. मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर अर्धा-अर्धा आटा करत आवळा. एका बाजूने पूर्ण आवळलं तर कव्हर वाकतं, आणि मग क्लच कायम थरथरत पकडतो.

गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन एक क्षणही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, हब वाकतो. शेवटचे २०-३० मिमी बोल्टनी ओढून घेण्याचा मोह टाळा. जात नसेल तर प्लेट मध्यावर नाही.

---

दंतचक्र

नंतरचं मी जोडतो. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर फुल थ्रॉटल नाही, लॉन्च (उभ्या गाडीतून जोरात सुटणं) नाही. शहरात, सारखे गिअर बदलत चालवा. हायवेचे किलोमीटर यात धरू नका, तिथे क्लच हलतच नाही.

गाडी सुटताना थोडी जास्त रेव्ह लागेल. ४००० आरपीएमला ०.०९ जडत्वात ७.९ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते, निम्म्या जडत्वात निम्मी. पूर्वी पेडल सोडताना ती ऊर्जा गाडीला ढकलायची. आता ते काम थ्रॉटलला करावं लागेल, नाहीतर इंजिन बसतं. गिअरही जरा झटपट बदला. रेव्ह भरभर उतरतात, संथ हाताने बदललं तर क्लच पकडताना धक्का बसतो.

आवाज आणि थरथर यांची सरमिसळ करू नका. न्यूट्रलमध्ये पेडल वर असताना खडखड, दाबल्यावर बंद: गिअरच्या दात्यांचा आवाज, चिंता नको. उलट पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज किंवा पायलट बेअरिंग. गाडी सुटताना थरथर: तेल, डोल किंवा वाकलेलं कव्हर. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर रेव्ह चढतात पण वेग चढत नाही: घसरतोय, लगेच थांबा, कारण पाच मिनिटांत फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात आणि तिथलं लोखंड कडक होतं.

---

निळा_रोडस्टर

एकच शेवटचं. जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटबरोबर पेडल स्टॉप (पेडल ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा अडथळा) लावायला सांगतात. गरज आहे का, आणि किती उंचीवर?

---

तिरपा_पाना

लावा. गरजेपेक्षा जास्त दाबलं तर डायफ्रामची बोटं मर्यादेबाहेर जातात, स्प्रिंग मऊ पडते, आणि वरच्या रेव्हला पेडल खालीच राहण्याचा धोका असतो. शिवाय पेडल दाबलेलं असताना सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. दाब वाढवल्यावर तो जोरही वाढतो, म्हणून सिग्नलला पेडल दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा.

आधी हायड्रॉलिकमधली हवा पूर्ण काढा. मग इंजिन बंद, मागची दोन्ही चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना अडसर, गिअर चौथा. एकाने मागचं एक चाक घट्ट धरायचं (नाहीतर साध्या डिफरन्शियलमुळे ते उलटं फिरतं), दुसऱ्याने मागचं दुसरं चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करत राहायचं, तिसऱ्याने पेडल हळूहळू दाबायचं. चाक ज्या क्षणी मोकळं होईल तिथे पेडलची जागा मोजा, त्यापुढे १५ मिमी सोडा आणि तिथे स्टॉप घट्ट करा. गाडी पूर्ण तापल्यावर रिव्हर्स टाकून बघा. करकर आली तर स्टॉप आणखी ३-४ मिमी खाली घ्या. प्लेट बसून झाल्यावर, ८०० किलोमीटरनंतर, हे माप एकदा परत घ्या.